सारखं तोंड येतंय? पोळी बंद करण्याआधी हे क्रमाने तपासा

पेशंट खुर्चीत बसतो, अंगठ्याने खालचा ओठ उलटा करतो आणि म्हणतो, "मॅडम, परत आलं." काय परत आलं हे मला विचारावं लागत नाही. सोलापुरात दातांचा दवाखाना चालवून २२ वर्षं झाली. दाढदुखीच्या खालोखाल मी काही निस्तरलं असेल तर हे तोंड येणं.

पूर्वी पेशंट सोबत कारणं घेऊन यायचे ती ठरलेली: उष्णता वाढली, पोट साफ नाही, जागरण झालं. गेल्या काही वर्षांत त्यात एकाची भर पडलीय. "ग्लूटेनमुळे असेल का? मी गेल्या महिन्यापासून पोळी बंदच केलीय." या दुसऱ्या वाक्यासाठीच हे सगळं लिहितेय. ग्लूटेनचा, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनाचा, संबंध असू शकतो, आणि ज्यांच्या बाबतीत तो असतो त्यांच्या बाबतीत तो पक्का असतो. पण आधी पोळी बंद केली की तो सिद्ध करायचा रस्ताही आपल्याच हाताने बंद होतो.

लक्षणं: नेमकं काय होतंय

आपण फोड म्हणतो, पण त्यात पाणी नसतं. ती उघडी जखम असते. गोल किंवा लंबगोल, मध्ये पिवळट पांढरी, कडेने लाल रेघ ओढल्यासारखी. ओठाच्या किंवा गालाच्या आत, जिभेच्या कडेला, जिभेखाली, म्हणजे जिथली कातडी मऊ आणि हलती आहे तिथे. उठायच्या आदल्या दिवशी तिथे चुरचुरतं. मग तीनचार दिवस आमटीचा घोट घेतला तरी डोळ्यांत पाणी. ७ ते १४ दिवसांत मागे डाग न ठेवता भरून येते. काही आठवडे बरे जातात आणि पुन्हा. साधारण पाचांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी हे होतं.

याचे दोन कमी आढळणारे प्रकार आहेत. एकात जखम एक सेंटीमीटरपेक्षा मोठी आणि खोल असते, भरायला महिना-दीड महिना लागतो आणि जागेवर वण राहतो. दुसऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढ्या जखमा डझनावारी एकत्र उठतात.

ओठाच्या बाहेरच्या कडेला किंवा टाळूच्या कडक भागावर, आधी पाणी भरलेले बारीक फोड आणि मग खपली, असं असेल तर ती वेगळी गोष्ट. तो बहुतेक वेळा हर्पीसचा विषाणू असतो, आणि खाली सांगितलेल्या तपासण्यांचा त्याला उपयोग नाही.

इथे थांबा, पुढचं वाचू नका, दाखवायला जा

एकच जखम तीन आठवडे झाले तरी भरत नसेल तर. विशेषतः ती दुखत नसेल, कड हाताला टणक लागत असेल, जिभेच्या बाजूला असेल आणि तुम्ही तंबाखू, मिश्री, गुटखा किंवा सुपारी खात असाल तर. न दुखणारी जखम जास्त वाईट, हे लोकांना पटत नाही. "दुखत नाही ना, मग बघू दिवाळीनंतर" असं म्हणणारे मी पाहिलेत. मानेत गाठ लागणं, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, जखमेतून रक्त येणं, जीभ हलवताना ओढल्यासारखं वाटणं, यातलं काहीही असेल तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ, त्याच आठवड्यात. ते तुकडा काढून तपासायला सांगतील. सुई-कात्री लावली की आजार पसरतो ही समजूत खोटी आहे. पसरतो तो उशीर केल्याने.

तोंडाबरोबर गुप्तांगावरही जखमा, डोळे लाल होऊन दुखणं, शौचातून रक्त, कारण नसताना वजन उतरणं किंवा तोंड येतं त्याच वेळी दरवेळी ताप, असं असेल तर फिजिशियन गाठा. लहान मूल दुखण्यामुळे पाणीसुद्धा घेत नसेल आणि लघवी कमी झाली असेल तर वाट बघायचीच नाही.

यातलं काही नसेल तर आता क्रमाने. फुकट ते महाग.

पहिली तपासणी: आरसा आणि कॅलेंडर

स्वयंपाकघरात दूधवाल्याचं कॅलेंडर असतंच. जखम उठली त्या तारखेवर फुली, भरली त्या तारखेवर गोल, आणि बाजूला जागा: "डावा गाल, मागे". बायकांनी पाळीची तारीखही लिहावी, मुलांनी परीक्षेची. तीन महिने.

यातून जे कळतं ते कुठलीही लॅब सांगू शकत नाही. जखम दरवेळी एकाच जागी असेल तर दोष त्या जागेचा आहे, रक्ताचा किंवा आतड्याचा नव्हे. ठिकाण बदलत असेल, दोन-तीन एकदम उठत असतील, तर कारण आत कुठेतरी शोधायचं.

एक गंमत सांगते. एक काकू अगदी खात्रीने म्हणायच्या, "एकादशीला माझं तोंड शांत असतं, म्हणजे गव्हाचंच आहे." उपासाचं ताट ग्लूटेनमुक्तच असतं हे खरं: साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, रताळं, कशातच ग्लूटेन नाही. पण जखम उठायला आणि भरायला दिवस लागतात, एका दिवसाच्या उपासाने काहीच सिद्ध होत नाही. काकूंचं कॅलेंडर बघितलं तर त्यांच्या जखमा उजव्या गालात एकाच जागी होत्या. समोरच्या दाढेचा कोपरा तुटला होता. घासून गुळगुळीत केला, दोन मिनिटांचं काम. काकूंची थोडी निराशाच झाली.

दुसरी: दात, ब्रश, पेस्ट

वरच्या गोष्टीत अर्धं आलंच. जीभ दातांवरून फिरवा. कुठे टोचतं, खरवडतं? तुटलेली दाढ, उखडलेलं सिमेंट, कवळीची तार, ब्रेसेसचं टोक. ब्रेसेसवर केमिस्टकडे मिळणारं मेण लावून आठवडाभर बघता येतं. कडक ब्रश टाकून मऊ घ्या.

मग पेस्ट. जास्त फेस यावा म्हणून बहुतेक पेस्टमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट घालतात. ते तोंडाच्या अस्तरावरचा संरक्षक थर धुऊन काढतं. नॉर्वेतल्या दंतवैद्यांनी १९९०च्या दशकात हे लक्षात आणून दिलं. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत फायदा सारखा दिसलेला नाही, पण पेस्ट बदलायला वेगळा खर्च नाही. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत हे नाव नसलेली पेस्ट घ्या, सहा आठवडे वापरा, कॅलेंडर बघा.

चुन्याबद्दल सांगितलं नाही तर सोलापुरात राहून उपयोग काय! तंबाखूची चिमूट जिथे धरतात तिथली कातडी चुन्याने भाजते. दाढ दुखते म्हणून अ‍ॅस्पिरिनची गोळी हिरडीला लावून ठेवणाऱ्यांचंही तेच होतं. उलट, सिगारेट सोडल्यावर पहिले काही आठवडे तोंड जास्त येतं. तेवढ्यावरून कुणी पुन्हा ओढायला लागू नका, ते आपोआप कमी होतं.

तिसरी: औषधांची पिशवी

घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओता. हृदयासाठी दिली जाणारी निकोरँडिल ही गोळी तोंडात खोल जखमा करू शकते, आणि ती चालू असेपर्यंत कुठलंही मलम चालत नाही. काही वेदनाशामकंही हे करतात. पण स्वतःहून कुठलीच गोळी बंद करायची नाही.

मेथोट्रेक्सेट मात्र वेगळं काढते. सांधेवात आणि सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून कुणी ती रोज घेतली तर पहिली खूण तोंडातच दिसते, आणि तोवर आत रक्त तयार करणारी मज्जा दबायला लागलेली असते. घरात ही गोळी असेल आणि त्या माणसाचं तोंड एकाएकी भरून आलं, तर मलम शोधत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल.

चौथी: रक्त, आणि माझी एक चूक

इथे पहिल्यांदा पैसे लागतात. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), आणि बी-१२ व फोलेट ही दोन जीवनसत्त्वं. तोंडाचं अस्तर सारखं झिजतं आणि सारखं नवं तयार होतं. नव्या पेशींना लोह, बी-१२ आणि फोलेट लागतं. त्यात तूट आली की अस्तर पातळ होतं आणि किरकोळ ओरखड्याचीही जखम होते.

बी-१२ आपल्याकडे किती कमी असतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, त्यात ६७ टक्के पुरुषांमध्ये ते कमी निघालं. हे २००६ साली छापून आलं. शाकाहार हे मोठं कारण. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षं चालू असलेली पित्ताची गोळी ही आणखी दोन. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी २००९ साली वारंवार तोंड येणाऱ्या ५८ जणांपैकी काहींना रोज १००० मायक्रोग्रॅम बी-१२ जिभेखाली दिलं, बाकीच्यांना नुसती साखरेसारखी खोटी गोळी. सहा महिन्यांनी बी-१२ घेणाऱ्यांतले ७४ टक्के लोक महिनाभर जखमेशिवाय होते, दुसऱ्या गटात ३२ टक्के. एकच आणि लहान अभ्यास आहे, तरी मी तो विसरत नाही.

आता चूक. पहिली काही वर्षं मी तोंड आलं की बी-कॉम्प्लेक्स लिहून देत असे, सगळेच देतात. त्यात दोन तोटे आहेत. गोळ्या चालू असताना रक्त तपासलं तर आकडा फुगलेला दिसतो आणि तूट लपते. म्हणून आधी रक्त, मग गोळी. दुसरा तोटा मोठा. लोह कमी निघालं, लोह दिलं, तोंड बरं झालं, आणि फाइल बंद. ते कमी का झालं हे मी विचारतच नव्हते. पाळीचा जास्त रक्तस्राव, मूळव्याध, जंत, नुसत्या चहा-पावावर काढलेली सकाळ, ही कारणं शोधायची. ती नसतील, किंवा सहा महिने लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही हिमोग्लोबिन जागचं हलत नसेल, तर खाल्लेलं आत जात नाहीये. आता गव्हाचा विषय काढायची वेळ झाली.

पाचवी: टीटीजी ही रक्ताची चाचणी. पोळी चालू ठेवून

ग्लूटेन म्हणजे काय, हे ज्याने भाकरी थापलीय त्याला सांगावं लागत नाही. कणीक मळली की ताणली जाते, पोळी लाटता येते, ती ग्लूटेनमुळे. ज्वारीच्या पिठात ते नाही, म्हणून भाकरीला गरम पाणी लागतं, ती थापावी लागते आणि जरा हात चुकला की चिरते. ग्लूटेन गव्हात आहे, जवात आहे. खपली गव्हातही आहे. "खपली चालतो हो" असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

सीलिअ‍ॅक नावाच्या आजारात शरीर या ग्लूटेनला शत्रू समजतं, आणि त्या मारामारीत लहान आतड्याचं मखमलीसारखं अस्तर झिजून सपाट होतं. लोह शोषलं जातं ते याच आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, म्हणून ते आधी कमी पडतं. तूट आली की तोंड येतं. शिवाय या आजाराचा तोंडाच्या अस्तरावर थेट परिणामही होत असावा, असं मानतात. गहू आणि हा आजार यांची सांगड घालून दाखवली ती विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. त्याला आधीपासून संशय होता, आणि १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला तेव्हा ही आजारी मुलं उलट सुधारताना दिसली. १९५० साली त्याने त्यावर प्रबंध लिहिला.

आजार किती आढळतो? भारतात २३,३३१ प्रौढांच्या पाहणीत उत्तरेकडे १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत अवघे ०.१० टक्के निघाले. पाहणी २०१६ साली छापली गेली. उत्तरेत गहू जास्त खाल्ला जातो, दक्षिणेत भात. म्हणजे तोंड आलेल्या शंभर माणसांत बहुतेकांना हा आजार नसणार. माझ्या दवाखान्यातून पक्के झालेले हाताच्या बोटांवर मोजता येतील. पण त्यांनी आधी घालवलेली वर्षं मोजली तर बोटं पुरत नाहीत.

मग कुणाची चाचणी करायला सांगते? तोंड वारंवार येतं आणि जोडीला खालचं काहीही असेल त्यांची. न हटणारी लोहाची किंवा फोलेटची तूट. सतत फुगलेलं पोट, जुलाब. हो, बद्धकोष्ठही; आणि पोटाची काडीइतकीही तक्रार नसलेले पेशंटसुद्धा असतात. वयाच्या मानाने न वाढणारं मूल. कोपर, गुडघे, कुल्ल्यांवर प्रचंड खाजणारे बारीक फोड. टाईप १ मधुमेह किंवा थायरॉइडचा स्वप्रतिकार (शरीर स्वतःवरच उलटतं असा) आजार. आई-वडील, भावंडं, मुलं यांच्यापैकी कुणाला सीलिअ‍ॅक असेल तर साधारण दहातल्या एकाला तो निघतो.

आणखी एक खूण दातांवर असते. चौथीतली एक मुलगी आली होती, वर्गात सगळ्यांत पुढे उभी राहणारी, बारीक. आई म्हणाली, "नीट घासत नाही हो, बघा पट्टे." मी कापसाने दात कोरडे केले. वरच्या चारही पुढच्या दातांवर, डावी-उजवीकडे अगदी सारख्या उंचीवर, आडवी पिवळट रेघ, आणि नख फिरवलं तर तिथे खळगा लागत होता. घासण्यातली चूक इतकी मोजूनमापून होत नाही. कायमच्या दातांचं एनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, हिरडीच्या आत बालपणीच तयार होत असतं. त्या वर्षांत शरीराला काही कमी पडलं तर ते असं लिहून ठेवलेलं राहतं. फ्लोराइडच्या पाण्यानेही दोन्हीकडे सारखे डाग पडतात, त्यामुळे नुसत्या दातांवरून निदान करायचं नाही. पण तिला महिन्याला तोंड येत होतं, हिमोग्लोबिन ८.६ होतं. टीटीजी करायला सांगितलं, बरंच वर निघालं, बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पुढे तिच्या धाकट्या भावाचीही चाचणी करून घेतली.

चाचणीचं नाव टीटीजी-आयजीए, आणि सोबत टोटल आयजीए. दुसरी का? आयजीए हा प्रतिपिंडांचा, म्हणजे बचावासाठी शरीर बनवतं त्या प्रथिनांचा, एक प्रकार. काही माणसांच्या रक्तात मुळातच तो कमी असतो, आणि सीलिअ‍ॅकवाल्यांत असे लोक जास्त, शंभरात दोन-तीन. त्यांची टीटीजी-आयजीए खोटी निगेटिव्ह येते. दोन्ही एकाच रक्तात होतात, लॅबमध्ये आग्रहाने सांगा.

आता मुद्द्याचं. चाचणी मोजते ती ग्लूटेन पोटात गेल्यामुळे शरीराने स्वतःच्याच टीटीजी नावाच्या एन्झाइमविरुद्ध उठवलेली प्रतिपिंडं. ग्लूटेन थांबलं की काही महिन्यांत ती उतरतात. म्हणून रक्त देण्याआधी निदान सहा आठवडे, दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा गहू पोटात गेला पाहिजे. दुपारी पोळी, रात्री पोळी.

बँकेत नोकरीला असलेली एक मुलगी होती. इथली, घरात भाकरी जास्त. बदली हरियाणात झाली, तिथे तिन्हीत्रिकाळ रोटी. वर्षभरात तोंड इतकं यायला लागलं की काउंटरवर बोलताना त्रास व्हायचा. घरचे म्हणाले, तिकडचं पाणी मानवत नाही. लोहाच्या गोळ्या चालूच होत्या. तिने मोबाइलवर काहीतरी बघून गहू सोडला, बरं वाटलं, मग स्वतःच टीटीजी करून घेतली आणि सुट्टीत मला आनंदाने रिपोर्ट दाखवला: निगेटिव्ह.

"गहू कधी सोडलास?"

"श्रावणात."

"आणि रक्त कधी दिलंस?"

"मागच्या आठवड्यात." म्हणजे मार्गशीर्षात.

तो कागद कोरा धरायचा, हे तिला समजावणं माझ्या जिवावर आलं. पोटविकारतज्ज्ञांनी पुन्हा रोज दोन पोळ्या सुरू करायला लावल्या. दहाव्या दिवशी तिचा फोन आला, बोलताना जीभ अडखळत होती. तिघांनी मिळून धीर दिला, डॉक्टरांनी, तिच्या आईने आणि मी. आठ आठवड्यांनी टीटीजी पॉझिटिव्ह. ती श्रावणात आधी रक्त द्यायला गेली असती तर हे दोन महिने वाचले असते. तुम्हीही आधीच गहू सोडला असेल तर पुन्हा सुरू करायचा निर्णय स्वतः घेऊ नका, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्या. काहींना त्रास फार होतो.

काही चाचण्यांवर पैसे घालवू नका. रक्ताच्या एका थेंबात शंभर-दीडशे पदार्थांची "असहिष्णुता" सांगणारे जाडजूड रिपोर्ट येतात. त्यांत आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजतात, ते तुम्ही काय खाल्लं एवढंच सांगतं. जनुकांची चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहे असं नाही, ती जनुकं आजार नसलेल्या कितीतरी लोकांत असतात. निगेटिव्ह आली तर मात्र सीलिअ‍ॅक जवळजवळ नाहीच म्हणता येतं, तेवढ्यापुरता तिचा उपयोग.

सहावी: माझं काम इथे संपतं

टीटीजी पॉझिटिव्ह आली की पुढचं पोटविकारतज्ज्ञांचं. ते दुर्बिणीने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून तीळतीळभर तुकडे घेतात, एक नाही, चार-सहा, कारण झीज सगळीकडे सारखी नसते. मुलांमध्ये टीटीजी फार जास्त असेल तर काही वेळा दुर्बिणीशिवायही निदान करतात, पण तो निर्णय त्यांचा. तोवर पोळी चालूच. इतकं कशाला, असं विचारतात. कारण निदान पक्कं झालं तर गहू जन्मभर बंद, लग्नात, प्रवासात, सासरी, सगळीकडे. जन्मभराचं पथ्य अंदाजाने घालत नाहीत.

टीटीजी निगेटिव्ह, गहू खात असतानाच दिलेलं रक्त, टोटल आयजीए व्यवस्थित, आणि तरीही तोंड येतंय? मग तोंडासाठी गहू सोडण्यात अर्थ नाही. सीलिअ‍ॅक नसलेल्या, पण वारंवार तोंड येणाऱ्या लोकांना ग्लूटेन बंद करून पाहिलं गेलंय, १९९३ सालचा अभ्यास आहे. जखमा कमी झाल्या नाहीत. सीलिअ‍ॅक नसूनही गव्हाने पोट फुगणारी, डोकं जड होणारी माणसं असतात, त्याला ग्लूटेन संवेदनशीलता म्हणतात. तिच्यासाठी रक्ताची चाचणी नाही, आणि तोंड येण्याशी तिचा संबंध कच्चा आहे. पोटासाठी करायचं तर आहारतज्ज्ञाला विचारून करा. जखमांसाठी तोंडाच्या आजारांचे तज्ज्ञ असतात, सरकारी दंत महाविद्यालयांत त्यांचा स्वतंत्र विभागच असतो.

तोवर दुखण्याचं काय? ट्रायमसिनोलोनची चिकट पेस्ट डॉक्टरांनी दिली तर रात्री झोपताना, जखम कोरडी करून, मुगाएवढी, न चोळता. कोलीन सॅलिसिलेट असलेलं जेल मुलांना लावू नका. जाईचा पाला चघळा, तूप लावा, माझी हरकत नाही. तुरटीचा खडा मात्र जखमेवर दाबून धरायचा नाही.

गहू बंद करूनही येतंच असेल तर

निदान पक्कं झालंय, पोळी बंद होऊन सहा-आठ महिने झाले, आणि तोंड अधूनमधून येतंय. अशा वेळी मी आधी स्वयंपाकघराबद्दल विचारते. बांधानी हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, डबीवर वाचा. मेतकुटात गहू. थालीपिठाच्या भाजणीत बऱ्याच घरांत मूठभर गहू. कुरडया गव्हाच्याच. सॉय सॉसमध्ये गहू असतो हे मुलांना माहीत नसतं. पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहायचं तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असावं लागतं. नुसतं "ज्वारीची बिस्किटं" लिहिलं असेल तर मागे घटक वाचा, मैदा सापडेल.

आणि गिरणी. बँकेतल्या मुलीचं घर सगळं नीट पाळत होतं, तरी टीटीजी उतरेना. मी आईला विचारलं, ज्वारी कुठे दळता? "कोपऱ्यावरच्या गिरणीत. मी सांगते ना त्याला, ज्वारीवर दळ म्हणून." ज्वारीवर दळ म्हणजे आधीचं दळणही ज्वारीचंच असावं. पण त्या दगडांवर सकाळपासून गहूच पडत असतो, आणि गिरणीवाला गर्दीच्या वेळी हो म्हणून गव्हावरच टाकतो. पहिलं मूठभर पीठ बाजूला काढलं तरी पट्ट्यावर, पिशवीत, हवेत गव्हाचं पीठ उडत असतंच.

त्यांनी घरघंटी घेतली. तिच्या झाकणावर आईने खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलंय: गहू टाकू नये. पुढच्या तपासणीत टीटीजी उतरलं. या वर्षी मुलगी दोनदा तोंड आलं म्हणून दाखवायला आली. दोन्ही वेळा गाल चावला होता.